कॅमेऱ्यासमोरचे पाच तास

ओवेन कूपर हा इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा मुलगा, जन्म ५ डिसेंबर २००९. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमध वसलेल्या या गावात तो फुटबॉलपटू व्हायची स्वप्नं पाहत वाढला. मार्च २०२५मध्ये नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलसन्स’ ही चार भागांची मालिका आली आणि शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या तेरा वर्षांच्या जेमी मिलरच्या भूमिकेत जगाने त्याला पाहिलं. कॅमेऱ्यासमोरचं त्याचं हे पहिलंच काम. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला, पंधराव्या वर्षी, त्याला सहाय्यक अभिनेत्याचं एमी मिळालं. इतक्या लहान वयात एमी मिळवणारा तो पहिलाच पुरुष कलाकार.

या मुलावरून वाद घालणारे दोघे असे : अनिरुद्ध मुंबईत मराठी मालिकांचं संकलन करतो, त्याची सुमतीआत्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. मालिका दोघांनाही आवडली, तरी वाद आहेच.

आत्या : मला एक सांग, त्या पोराला बक्षीस नक्की कशाचं दिलं? तो चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण चौदा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांच्या मुलासारखा वागला, तर त्यात अभिनय किती आणि वय किती? माझ्या शाळेत नववीच्या वर्गात असे वीस जेमी बसलेले असायचे. खांदे पाडून, डोळे चुकवून, मध्येच उसळून येणारे.

अनिरुद्ध : त्या विसांपैकी एकाला कॅमेऱ्यासमोर उभं कर आणि त्याला सांग, आता जवळपास पन्नास मिनिटं थांबायचं नाही. मग फरक कळेल. आत्या, माझा धंदाच हा आहे म्हणून सांगतो. लहान मुलांचं काम बऱ्याचदा आमच्या टेबलावर तयार होतं. मुलगा खाली बघतोय असा एखादा शॉट उचलायचा, त्यावर समोरच्या नटाची रिॲक्शन टाकायची, वाक्य गडबडलं असेल तर डबिंगमध्ये पुन्हा घ्यायचं, खाली थोडं संगीत सोडायचं. प्रेक्षक म्हणतात, काय गुणी पोर आहे! पोर गुणी असतंच, पण त्याच्या गुणांची माळ आम्ही ओवलेली असते. ‘ॲडोलसन्स’चा प्रत्येक भाग एका सलग टेकमध्ये घेतलाय. कट नाही. कात्री लावायला जागाच नाही. जे दिसतं ते त्या मुलाने त्या क्षणी केलेलं आहे, म्हणून बक्षीस त्याचं.

आत्या : मग हे तर आणखी वाईट. तुझी कात्री मुलाचं काम फक्त सजवत नव्हती, त्याला वाचवतही होती. दहा सेकंद रडला की सुटला. इथे त्याला सुटकाच नाही. तिसरा भाग आठव. बाल सुधारगृहासारख्या त्या जागेत एक टेबल, दोन खुर्च्या, समोर मानसतज्ज्ञ बाई. मुलाने हसायचं, टोमणे मारायचे, एकदम अंगावर धावून जायचं, ओरडायचं, पुन्हा लहान मूल व्हायचं आणि शेवटी मी तुम्हाला आवडतो का म्हणून विनवायचं. हे एका दमात. आणि मी असं ऐकलं की शूटिंगची सुरुवातच त्या भागापासून केली.

अनिरुद्ध : खरं आहे, तिसरा भाग सर्वांत आधी चित्रित झाला. म्हणजे त्याच्या आयुष्यातला पहिला शूटिंगचा आठवडा तो. पण तू म्हणतेस तसं त्याला ढकलून दिलेलं नाही. प्रत्येक भागाला साधारण तीन आठवडे दिले होते. पहिल्या आठवड्यात फक्त नटांची तालीम. दुसऱ्यात कॅमेरावाल्यांसकट सगळ्या तंत्रज्ञांची : कोण कुठून येणार, कॅमेरा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाणार. तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष शूटिंग, दिवसाला साधारण दोन टेक. शेवटी पहिल्या भागासाठी दुसरा टेक वापरला, दुसऱ्यासाठी तेरावा, तिसऱ्यासाठी अकरावा आणि चौथ्यासाठी सोळावा.

आत्या : म्हणजे ते सगळं रामायण त्याने दहा-अकरा वेळा केलं.

अनिरुद्ध : केलं. पण दर वेळी त्याला ठाऊक होतं की आपण कुठून निघालोय आणि कुठे पोचायचंय. नेहमीच्या पद्धतीत काय होतं, माहीत आहे? सकाळी शेवटचा प्रसंग, दुपारी मधला, संध्याकाळी पहिला. मोठ्या नटाला ते जमतं, लहान मुलाला गोष्टीचा पत्ताच नसतो. त्याला सांगतात, इकडे बघ, आता रड, रडू येत नसेल तर कोणीतरी खोटंच रागावतं. क्लोजअपसाठी तेच रडणं पुन्हा, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा. याला तू दया म्हणतेस? सलग टेकमध्ये मुलाला नट म्हणून वागवावं लागतं. त्याला पूर्ण संहिता समजावून द्यावी लागते, कारण मध्ये हात धरायला कोणी नसतं.

आत्या : हात धरायला होती की ती बाई. एरिन डोहर्टी. माझ्या मते त्या भागाचं खरं ओझं तिने वाहिलं. मुलगा वाहत जायला लागला की ती थांबते, श्वास घेते, खुर्ची सरकवते आणि प्रसंग रुळावर आणते. चांगली शिक्षिका वर्गात अगदी हेच करते. वर्गाला वाटतं, आपण बोललो. तिला एमी मिळालं, ते मला शंभर टक्के पटलं.

अनिरुद्ध : मग त्या जांभईबद्दल काय म्हणशील? बोलता बोलता जेमी जांभई देतो. ती संहितेत नव्हती. मुलाला खरंच जांभई आली. डोहर्टीने तिथल्या तिथे विचारलं, मी तुला कंटाळा आणतेय का? आता पहिल्यांदाच काम करणारा पोरगा काय करेल? कावरंबावरं होईल, दिग्दर्शकाकडे बघेल, हसेल आणि टेक वाया जाईल. हा जेमी म्हणूनच ओशाळं हसला आणि पुढे गेला. पाठ केलेलं म्हणणं वेगळं आणि समोरच्याचं ऐकून त्याला उत्तर देणं वेगळं. दुसरं येतं त्यालाच नट म्हणतात. तुझ्या नववीतल्या विसांपैकी किती जणांना ते आलं असतं?

आत्या : दोघा-तिघांना. पण त्यांना कोणी विचारलंच नाही, हा माझा पुढचा मुद्दा. या मुलाची गोष्ट सगळीकडे एकाच चालीत सांगतात : कोणी नव्हता, एका रात्रीत तारा झाला. मला या चालीचा कंटाळा आलाय. त्यानेही एमी घेताना म्हटलं म्हणे, तीन वर्षांपूर्वी मी कोणीच नव्हतो. हे वाक्य पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी मला बरं वाटत नाही. बाराव्या वर्षी कोण ‘कोणी’ असतं?

अनिरुद्ध : त्याच भाषणात तो आणखी एक गोष्ट बोलला. बक्षिसावर नाव माझं असलं तरी ते कॅमेऱ्यामागच्या माणसांचं आहे.

आत्या : बघ! पोर शहाणं आहे. माझंच म्हणणं त्याने मांडलं.

अनिरुद्ध : ती त्याची नम्रता झाली. पण एका रात्रीत काही झालं नाही, एवढं तुझं खरं. टॉम हॉलंडचा ‘द इम्पॉसिबल’ बघून त्याला अभिनय करावासा वाटला आणि तो मँचेस्टरमधल्या ड्रामा मॉब नावाच्या नाट्यवर्गाला जायला लागला. हा वर्ग ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेतली अभिनेत्री टीना ओब्रायन आणि एस्थर मॉर्गन या दोघी चालवतात. ‘ॲडोलसन्स’ची कास्टिंग डायरेक्टर शाहीन बेग हिने सुमारे पाचशे मुलं पाहिली. नुसत्या लंडनच्या एजंटांच्या याद्या चाळल्या नाहीत, उत्तर इंग्लंडमधल्या अशा वर्गांपर्यंत ती गेली. घरी चित्रित केलेल्या फिती मागवल्या, मग थोड्या मुलांना बोलावून जेमीच्या बापाचं काम करणाऱ्या स्टीफन ग्रॅहमबरोबर प्रसंग करून घेतले. एमीमध्ये कास्टिंगचंही वेगळं पारितोषिक असतं. ते या मालिकेसाठी तिला मिळालं.

आत्या : आणि उरलेले चारशे नव्याण्णव?

अनिरुद्ध : ते घरी गेले, आणखी काय होणार? तुझ्या शाळेच्या नाटकातही राजा एकच असायचा.

आत्या : होता. पण राजाचा फोटो शाळेबाहेरच्या फलकावर लावून मी बाकीच्या पालकांना सांगत नव्हते की बघा, आमच्याकडे प्रत्येकाला संधी आहे. मला नेमकं हे खटकतं. पाचशेतून एक निवडून आला की ती व्यवस्था स्वतःलाच शाबासकी देते. तिथे काय, इथे काय.

अनिरुद्ध : शाबासकी देण्यासारखं थोडं आहे म्हणून देते. आकडे ऐक. ब्रिटनमध्ये खासगी शाळांत शिकलेली माणसं लोकसंख्येच्या सुमारे सात टक्के. सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०२४च्या अहवालानुसार बाफ्टासाठी नामांकन मिळालेल्या अभिनेत्यांमध्ये मात्र हेच प्रमाण ३५ टक्के. म्हणजे अभिनय हा तिथे घरच्या बळावर करायचा धंदा होत चाललाय. बिनपगारी दिवस काढायचे, लंडनचं भाडं भरायचं, ओळखी करायच्या. अशा वेळी वॉरिंग्टनच्या मुलाला त्याच्याच बोलीत, त्याच्याच उच्चारात मध्यवर्ती भूमिका मिळते, हे लहान नाही. आणि हे अचानक घडलेलं नाही. ‘धिस इज इंग्लंड’ आठवतो?

आत्या : तो टक्कल केलेल्या पोरांचा? २००६चा?

अनिरुद्ध : तोच. त्यातला थॉमस टर्गूज ग्रिम्स्बीचा. कधी अभिनय केला नव्हता, ऑडिशनला येण्यासाठी त्याने पाच पौंड मागितले होते, हा किस्सा तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या चित्रपटाची निर्मिती वॉर्प फिल्म्सची, त्यात स्टीफन ग्रॅहम होता. पुढे त्याच्या टीव्ही मालिका झाल्या, त्यांच्या लेखनात जॅक थॉर्न होता. आता ‘ॲडोलसन्स’ बघ. निर्मात्यांत वॉर्प फिल्म्स, लेखक थॉर्न आणि ग्रॅहम, मुलाच्या बापाच्या भूमिकेतही ग्रॅहमच. दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी आणि छायालेखक मॅथ्यू लुईस यांनी ग्रॅहमलाच घेऊन २०२१मध्ये ‘बॉइलिंग पॉइंट’ हा अख्खा चित्रपट एका टेकमध्ये केला होता. म्हणजे नवख्या मुलाकडून काम करवून घेणं आणि न कापता चित्रित करणं, या दोन्ही गोष्टींचा वर्षानुवर्षांचा सराव या माणसांना होता. ओवेन कूपर त्या घरात पाहुणा म्हणून आला आणि कर्ता होऊन बाहेर पडला.

आत्या : आता तू माझ्या बाजूने बोलायला लागलास. घर आधीपासून बांधलेलं होतं, एवढंच मी म्हणत होते.

अनिरुद्ध : घर बांधलेलं असलं तरी त्यात राहता यावं लागतं. सहाय्यक अभिनेत्याच्या त्या गटात त्याच्यासमोर हाविएर बार्देम होता. पीटर सार्सगार्ड होता. त्याच मालिकेत पोलीस अधिकारी झालेला ॲश्ले वॉल्टर्सही होता. मतदारांनी कौतुकाने पोराला चॉकलेट दिलं, असं तुला म्हणायचंय का?

आत्या : नाही म्हणत. पण मुलाच्या कामाचा हिशेब मी कलेच्या वहीत आधी नाही मांडणार. मला कळू दे, दिवसाचे किती तास त्याच्याकडून काम घेतलं? शाळेचं काय झालं? त्याच्या सोबत कोण होतं?

अनिरुद्ध : हे प्रश्न तिथल्या कायद्याने आधीच विचारून ठेवलेत. इंग्लंडमध्ये शाळकरी वयाच्या मुलाला अशा कामासाठी स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. त्याचा पाया १९६३च्या कायद्यात आहे, सविस्तर नियम २०१४चे. नऊ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाला कामाच्या जागी दिवसाला जास्तीत जास्त साडेनऊ तास ठेवता येतं आणि त्यातला प्रत्यक्ष काम किंवा तालमीचा वेळ पाच तासांपेक्षा जास्त नको. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना तीन तास, त्याहून लहानांना दोन. आईवडील किंवा शिक्षक बरोबर नसतील तर प्रशासनाने मान्यता दिलेली देखरेख करणारी व्यक्ती हवी आणि तिच्याकडे एका वेळी बारापेक्षा जास्त मुलं नकोत. शाळा बुडत असेल तर सेटवर शिकवणीची सोय हवी. त्यापलीकडे या मालिकेच्या सेटवर मुलासाठी मानसतज्ज्ञाचीही सोय होती.

आत्या : पाच तास. त्यात तालीमही धरायची?

अनिरुद्ध : तालीमही. आता बघ, मला यात गंमत अशी वाटते की सलग टेकची पद्धत आणि हा कायदा एकमेकांना धरून आहेत. पन्नास मिनिटांचे दोन टेक, मध्ये विश्रांती, की दिवस संपला. नेहमीच्या शूटिंगमध्ये दिवे हलवायचे, कॅमेरा फिरवायचा, मुलाने खुर्चीवर ताटकळत बसायचं, असं होतं. इथे वाट पाहण्यात जाणारा वेळ तालमीला मिळाला. नियमाने कलेला अडवलं नाही. उलट, नीट आखून घ्यायला भाग पाडलं.

आत्या : हे मात्र मला आवडलं. शाळेचं वेळापत्रक करताना माझा हाच अनुभव होता. तास कमी असले की शिक्षक आदल्या दिवशी तयारी करून येतात. बरं, आपल्याकडे काय? तुझ्या मालिकांमधली ती गोड गोड बोलणारी मुलं किती तास असतात सेटवर?

अनिरुद्ध : कागदावर आपल्याकडेही पाचच तास आहेत. २०१६ला बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७च्या नियमांत बालकलाकारांचं कलम आलं. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. आणि मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे.

आत्या : कागदावर.

अनिरुद्ध : तो शब्द मी मुद्दामच वापरला. रोज एक भाग प्रक्षेपित करायचा असेल आणि हाताशी दोनच दिवसांचे भाग तयार असतील, तर बारा तासांच्या शिफ्टमध्ये कोण कोणाचे तास मोजणार? चार भागांसाठी जुलै ते ऑक्टोबर २०२४ असे चार महिने मिळणं हीच त्या मुलाची सर्वांत मोठी चैन होती.

आत्या : म्हणजे तुझ्याच तोंडून निघालं. प्रतिभा आपल्याकडेही असेल. चार महिने नाहीत.

अनिरुद्ध : प्रतिभेला चार महिने मिळाले तर काय होतं, ते या मुलाने दाखवलं. मी त्याचं श्रेय काढून घेणार नाही. तूही घेऊ नकोस.

आत्या : नाही घेत. आता पुढचं बोलू. पंधराव्या वर्षी शिखर गाठलं, मग साठ वर्षं काय करायचं? त्याच्याआधी हा विक्रम ज्याच्या नावावर होता तो कोण?

अनिरुद्ध : स्कॉट जेकोबी. १९७३मध्ये, सोळाव्या वर्षी. आणि मुलगे-मुली दोन्ही धरले तर सर्वांत लहान रोक्साना झाल, १९८४मध्ये, चौदा वर्षांची.

आत्या : तू या धंद्यात आहेस म्हणून तुला ही नावं ठाऊक. बाकी कोणाला आठवतात?

अनिरुद्ध : आठवणीत राहणं हे यशाचं माप का धरायचं? टर्गूज आजही काम करतोय. ‘सॉमर्स टाउन’साठी त्याला ट्रायबेका महोत्सवात सहकलाकाराबरोबर अभिनयाचं पारितोषिक मिळालं. ‘बिली एलियट’मधल्या जेमी बेलला चौदाव्या वर्षी बाफ्टा मिळालं, तो पंचवीस वर्षं कामात आहे. आणि या मुलाने पुढे काय घेतलं बघ. बीबीसीच्या ‘फिल्म क्लब’ या छोट्या विनोदी मालिकेत एक भूमिका. मग एमराल्ड फेनेलच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये लहानपणीचा हीथक्लिफ; चित्रपट फेब्रुवारी २०२६मध्ये आला, मोठा हीथक्लिफ जेकब एलॉर्डी. अख्खा सिनेमा खांद्यावर घेण्याची घाई केली नाही. मध्येच जानेवारीत गोल्डन ग्लोबही मिळालं. घरच्यांनी, एजंटांनी विचार करून पावलं टाकली असावीत, असं मला तरी दिसतं.

आत्या : मला दिसतो तो सोळा वर्षांचा मुलगा. त्या वयात तिथे जीसीएसई परीक्षा असते, आपल्या दहावीसारखी. एका हातात ग्लोब आणि दुसऱ्या हातात गणिताचं पुस्तक. पण माझी काळजी अभ्यासाची नाही, तो होईल. माझी काळजी फोनची आहे.

अनिरुद्ध : फोनची?

आत्या : अरे, मालिका कशाबद्दल होती? मुलीने इन्स्टाग्रामवर टाकलेल्या खुणा, त्यांचे अर्थ पोलिसाला त्याच्या मुलाने समजावून सांगायचे, खोलीचं दार लावून बसलेलं पोर आणि आईबापांना वाटतंय, घरातच आहे, सुरक्षित आहे. ती पाहून तिथल्या पंतप्रधानांनी, कीर स्टार्मरांनी, माध्यमिक शाळांत दाखवण्याच्या कल्पनेला पाठिंबा दिला. नेटफ्लिक्सने शाळांना ती विनामूल्य दिली. पहिल्या एक्याण्णव दिवसांत चौदा कोटींहून जास्त वेळा ती पाहिली गेली. छान झालं. आता त्या चौदा कोटींचं तोंड कोणाकडे वळलं? जेमी तर काल्पनिक. फोन उघडला की समोर येतो तो ओवेन. ज्या गोष्टीने जेमीचं वाटोळं केलं, ती गोष्ट आपण या खऱ्या मुलाच्या हातात शंभरपटीने दिली.

अनिरुद्ध : त्याच्याबद्दल लोक चांगलंच बोलतायत, आत्या.

आत्या : आज बोलतायत. पुढचं काम पडलं की? उंची वाढली, चेहरा बदलला, मुलाखतीत एखादं वाक्य चुकलं की? ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली आर्या आठव. मेझी विल्यम्स. ती मालिका सुरू झाली तेव्हा चौदा वर्षांची होती. २०१९मध्ये, बावीस वर्षांची झाल्यावर, तिने उघड सांगितलं की लोकांनी आपल्याबद्दल लिहिलेलं वाचून वाचून मनाची काय अवस्था झाली होती. तिच्याही परवान्यावर तास लिहिलेले असतील. कॅमेऱ्यासमोरचे. कॅमेरा थांबल्यावर रात्री अंथरुणात फोन बघत काढलेले तास कोणत्या रजिस्टरात होते?

अनिरुद्ध : पण ते कायद्याने कसं मोजणार? कामाचे तास मोजता येतात, कारण काम देणारा एक मालक असतो. प्रसिद्धीचा मालक कोण?

आत्या : तिच्यावर ज्याचा नफा होतो तो. मुलगा पडद्यावर होता तेव्हा तुम्ही पाहुण्यासारखी बडदास्त ठेवलीत : पाच तास, शिकवणी, देखरेख, मानसतज्ज्ञ. मालिका पूर्ण झाली आणि सगळे परत गेले. खरी गरज तिथून पुढे लागते. प्रक्षेपणाच्या दिवसापासून निदान वर्षभर त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना आधार द्यायची जबाबदारी निर्मात्यावर का नको? त्याचा फोन कोण हाताळणार, मुलाखती किती, कोणत्या प्रश्नांना नाही म्हणायचं, शाळेत मुलांनी घोळका केला तर मुख्याध्यापकांनी काय करायचं. मला कोणी असं पत्र पाठवलं असतं, तर मी तुझ्या धंद्याला दुवा दिला असता.

अनिरुद्ध : मोठ्या कंपन्या काही ना काही करत असतीलच.

आत्या : कंपनीच्या मर्जीवर सोडायचं होतं तर पाच तासांचा नियम तरी कशाला केला?

अनिरुद्ध : बरं, हा मुद्दा घेतला. पण मला एका गोष्टीची भीती वाटते. अशा अटी वाढत गेल्या की निर्माते म्हणतील, नकोच ती नवखी मुलं. अठरा वर्षांचा, तेरा वर्षांचा दिसणारा, अनुभवी, नाटकाच्या महागड्या शाळेतून आलेला नट घ्या. मग वॉरिंग्टनच्या मुलाला पुन्हा दार बंद. तू संरक्षण मागतेस आणि त्याने संधी जाते. ही किंमत तू मोजशील?

आत्या : हा प्रश्न चांगला आहे. याचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण तुझ्याच गोष्टीतून थोडं उत्तर निघतं. पाच तासांची मर्यादा असूनही त्यांनी तेरा वर्षांच्या भूमिकेसाठी चौदा वर्षांचा मुलगाच घेतला. का? कारण मोठ्या नटाला ते जमलंच नसतं. ज्याला खरा मुलगा हवा असेल तो अटी पाळून घेईल. ज्याला फक्त स्वस्त मुलगा हवा असेल तो जाईल दुसरीकडे. जाऊ दे त्याला.

अनिरुद्ध : निर्माता एवढंच विचारेल की हा खर्च अंदाजपत्रकात कुठे घालायचा.

आत्या : दुसऱ्या भागाच्या शेवटी चालू टेकमध्ये कॅमेरा ड्रोनला अडकवून गावावरून उडवला, त्याला रकाना सापडला ना? त्याच्या खालची ओळ.

अनिरुद्ध : ठीक आहे, ती ओळ मी मान्य केली. पण एमी त्या मुलाचंच. त्यावर मी हटणार नाही.

आत्या : हटू नकोस. फक्त तुझ्या पुढच्या मालिकेत लहान मूल असेल, तेव्हा फुटेज टेबलावर आलं की आधी बघत जा, शॉट किती वाजता घेतलाय.